ताबेआताईचा कोरडा टाक

"आधी हाताला कळू दे, डोळ्यांना मागून कळेल," असं ताबेआताई शिकायला येईल त्याला म्हणायची आणि हातात कोरडा टाक द्यायची. जुनी ओळ समोर ठेवून तिचं वळण टेबलावर गिरवायचं, हीच तिची शिकवणी.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या मोरावियन पंथाच्या ख्रिस्ती गावात प्रत्येकजण आपलं आयुष्य स्वतः लिहून ठेवी; माणूस गेला की दफनाच्या दिवशी ते वाचत. ईस्टरआधी जुन्या पिढीतलं एखादं आयुष्य चर्चमध्ये पुन्हा वाचलं जाई. पण त्या जुन्या हस्तलिखितांचं जर्मन वळण बाभळीच्या कुंपणासारखं, आत शिरायला वाट म्हणून नाही. गावात एकटी ताबेआताई ते वाचायची. दुसरं कुणी तयार होईपर्यंत गाव सोडणार नाही, असा शब्द तिने तरुणपणीच देऊन ठेवला होता.

तिकडे कॅरोलिनात तिच्या धाकट्या बहिणीची, सालोमीची, नजर जात चालली होती. फोनवर ती विचारायची, "येतेस ना गं?"

"एवढा ईस्टर होऊ दे." प्रत्येक ईस्टरला हेच.

शिकणारे आले, कंटाळून गेले. टिकली ती बेकरीतली लोरेना. ती गिरवायची, अडायची, की ताबेआताईच्या तोंडून शब्द निसटलाच.

शेवटी लोरेनाने टाक आपटला. "ताई, मला वाचू देता कुठे तुम्ही? कुलूप स्वतःच घालता, आणि वर कोंडलं म्हणून रडता!"

"जीभ फार चालते तुझी," ताबेआताई म्हणाली. पण त्या रात्री ती कोरडा टाक हातात घेऊन टेबलाशी बसली. इतक्या वर्षांत आपण कुणाला एकदाही अडून राहू दिलं नाही, हे तिला आता दिसत होतं.

त्या ईस्टरआधी वाचायला लोरेना उभी राहिली. दुसऱ्याच पानावर अडली. सगळं चर्च ताबेआताईकडे वळलं. शब्द तिच्या दातांशी आला होता. तिने ओठ घट्ट मिटले, बाकाची कड धरली. कुणीतरी खोकलं. लोरेनाचं बोट समोरच्या लाकडी मेजावर वळण गिरवत हळूहळू फिरलं, पुन्हा फिरलं, आणि शब्द सुटला. मग पुढचा.

माना परत लोरेनाकडे वळल्या. ताबेआताईने कोट उचलला, बाकाच्या कडेने बाहेर पडली आणि कॅरोलिनाची बस गाठायला थांब्याच्या रस्त्याला लागली. दाराशी ट्रॉम्बोन हे चर्चचं पितळी वाद्य मांडीवर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या युसेबियसने तेवढं पाहिलं. त्याने हाक मारली नाही.