दोन सीट आणि कडक स्प्रिंगा

गाडी पसंत करायला मला अर्धा तासही लागला नाही. सगळा वेळ गेला तो तिच्या स्प्रिंगांवर.

मी जबलपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात मी आणि बाबा असे दोघंच. शहराच्या गढा भागात, बाजारापासून आत गेलेल्या एका गल्लीत आमचं घर आहे. भाऊ पुण्याला असतो. आमची जुनी गाडी विकायला काढली तेव्हा त्यानं फोनवर बऱ्याच चांगल्या, उंच, मजबूत गाड्या सुचवल्या. मी त्याला सांगितलं की मला छत उघडणारी, दोन सीटची स्पोर्ट्स कार घ्यायची आहे, जुनी का असेना.  त्यानं विचारलं, बाबा त्यात बसणार कसे? मी म्हटलं, घरात माणसं दोन, सीटही दोन. यावर तो हसला, पण त्याचा प्रश्न खरा होता.

बाबा ऐंशीच्या पुढचे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी इथल्या कारखान्यात काढली, जिथे फौजेचे ट्रक बनतात. ते तपासणी खात्यात होते. तयार झालेला ट्रक कारखान्याच्या आवारातल्या खडबडीत रस्त्यावर फिरवून आणायचा आणि काय ढिलं आहे, काय वाजतंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. गेल्या काही वर्षांत त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, गेलेलं परत येणार नाही, कडेकडेचं मात्र दिसत राहील. समोर माणूस उभा राहिला तर बाबांना त्याचे खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. याची ते तक्रार करत नाहीत. घरातली त्यांची कामं ते हातानं चाचपून नीट करतात. पण गाडीतून फिरायला येणं त्यांनी हळूहळू बंद केलं होतं. चला म्हटलं की म्हणायचे, "तू जाऊन ये. मी काय पाहू तिथं?"

गाडी होती छावणीतल्या एका फौजी डॉक्टरची. त्याची बदली पूर्वेकडच्या डोंगरात झाली होती आणि तिकडे ही गाडी नेण्यात अर्थ नव्हता. वयानं माझ्यापेक्षा बराच लहान, पहिल्या वाक्यापासून मला दीदी म्हणणारा. त्याच्या बंगल्याच्या पोर्चमध्ये ती उभी होती. गर्द हिरवी, बुटकी, कापडी छताची. मी आत बसले, पाय पेडलवर ठेवले आणि मला कळलं की आता दुसरीकडे कुठे बघायला जायचं नाही.

मग त्यानं मला गॅरेजमध्ये नेलं. तिथे वर्तमानपत्रात गुंडाळून दोरीनं बांधलेली चार लांब पुडकी ठेवली होती. त्यात गाडीच्या मूळच्या स्प्रिंगा आणि शॉकर होते. गाडी नवी असताना कंपनी दोन प्रकार देत असे, त्यानं समजावून सांगितलं. एक साधा, रोजच्या वापराचा, मऊ. दुसरा स्पोर्टचा, कडक, ज्यात गाडी जमिनीला जवळ बसते आणि वळणावर झुकत नाही. त्यानं गाडी घेतली ती साध्या प्रकारातली, पण नंतर हौसेनं कंपनीकडूनच कडक संच मागवून बसवला होता. आता दोन्ही त्याच्याकडे होते. एक गाडीबरोबर जाणार, दुसरा त्याच्या एका मित्राला हवा होता.

"दीदी, आप चलाकर देख लीजिए," तो म्हणाला. "जो कहेंगी, वही लगवाकर दूँगा."

जायला अजून वेळ होता, म्हणून गाडी त्यानं माझ्याकडेच राहू दिली. इतका विश्वास कोणी टाकला की आपणच जास्त जपून वागतो. मी ती घरी आणली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ब्रेकरवर तिचं पोट असं खरडलं की समोरचा इस्त्रीवाला इस्त्री उभी ठेवून बघायला आला. हा ब्रेकर गल्लीतल्या लोकांनीच सिमेंट ओतून केलेला आहे. त्याला कसलं माप नाही. पुढे मी शिकले की तिथे गाडी तिरपी घालायची, एकेक चाक चढवायचं आणि उतरवायचं, आणि मागच्या हॉर्नकडे लक्ष द्यायचं नाही.

पहिल्या सकाळी मी एकटीच तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत जाऊन पुढे नागपूर रोडला लागले. छत मागे टाकलं होतं. नर्मदेवरून येणारी हवा थंड होती. त्या रस्त्यावरून मी वर्षानुवर्षं गेले आहे, पण वळण घेताना गाडी इतकी स्थिर, इतकी हाताच्या ऐकण्यातली मी कधी अनुभवली नव्हती. स्टिअरिंग जरासं फिरवलं की ती वळलेली असायची. परत येताना मी उगीचच एक चक्कर जास्त मारली. रस्ता चांगला होता तिथे फार मजा आली, आणि खराब होता तिथे दात वाजले.

संध्याकाळी बाबांना म्हटलं, निदान बसून तर पाहा. त्यांना आत बसवणं हाच एक कार्यक्रम होता. आधी पाठमोरं उभं राहायचं, माझा हात धरून खाली बसायचं, ते बसणं बरंच खोल जायचं, आणि मग एकेक पाय आत घ्यायचा. गढ्यातून निघालो, मेडिकल कॉलेजवरून तिलवाऱ्याचा पूल ओलांडला आणि परत आलो. मी कडेनं त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी डावा हात दारावर आणि उजवा सीटवर, मांडीशेजारी, सपाट दाबून धरला होता. प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या तोंडून बारीकसा हुंकार निघत होता. मला वाटलं, त्यांना धक्के सोसत नाहीत आणि माझा आनंद जाऊ नये म्हणून ते गप्प आहेत. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, चांगली आहे गाडी. चांगलं म्हणण्यापलीकडे ते सहसा जातही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरला फोन करून सांगितलं, मऊ संच बसवा. सांगताना वाईट वाटलं. तिलवाऱ्याच्या पुढची ती वळणं मनात होती. पण या वयात माझ्या हौसेपायी बाबांची पाठ दुखवायची, हे काही पटत नव्हतं. शिवाय तो ब्रेकरही होता. छावणीजवळच्या एका गॅरेजात त्यानं काम करून दिलं. गाडी बोटभर वर आली. आता ती गल्लीत शिरताना कुठेही खरडेना.

मी बाबांना पुन्हा त्याच रस्त्यानं नेलं. या वेळी गाडी खड्ड्यांवरून तरंगत गेली. ते मांडीवर हात ठेवून बसले होते. हुंकार नाही, काही नाही. मला बरं वाटलं. मेडिकलच्या पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, कुठे आलो? मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. पुलावरून जाताना मी उघड्या छतातून हात वर करून म्हटलं, बाबा, नर्मदा. ते म्हणाले, "हो का?" आणि हात जोडले, पण जरा उशिरा. आम्ही तोवर पलीकडे पोचलो होतो.

पुढच्या संध्याकाळी चला म्हटलं तर ते म्हणाले, तू जाऊन ये.

ते व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मी शेजारी पायरीवर बसले आणि सरळ विचारलं, "बाबा, गाडी तुम्हाला आवडली नाही का? खरं सांगा."

"आवडली. सोफ्यासारखी आहे."

"मग काहून नाही येत?"

"त्या दिवशी मला समजून राहिलं होतं आपण कुठं आहो ते. काल नाही समजलं."

मी म्हटलं, म्हणजे काय? तेव्हा त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी कडक गाडीत बसल्यावर रस्ता त्यांच्या तळहाताला आणि पाठीला कळत होता. आपली गल्ली, मग बाजारातला उखडलेला तुकडा, मेडिकलचा गुळगुळीत रस्ता, मग पुलाचे सांधे, एकामागून एक, टक, टक. पूल लागला तेव्हा त्यांनी मनातल्या मनात नमस्कारही केला होता. कारखान्यात ट्रक फिरवताना असंच असायचं, ते म्हणाले. डोळे रस्त्यावर असले तरी खरी बातमी खालून यायची. इतक्या वर्षांनी ती पुन्हा यायला लागली होती.

"हात दाबून धरला होता तुम्ही. मला वाटलं दुखतंय."

"दुखून नाही राहिलं. ऐकून राहिलो होतो."

मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. आनंद झाला होता, आणि शंकाही येत होती. कडक गाडी मला हवी आहे हे त्यांना माहीत होतं. मला फोनवर भावाशी बोलताना त्यांनी ऐकलंच असणार. मुलीला हवं ते मिळावं म्हणून हा माणूस काहीही रचून सांगेल; लहानपणी स्वतःच्या ताटातलं आम्हाला वाढून मला भूकच नाही असं किती वेळा सांगितलंय त्यांनी. आणि मलाही तेच ऐकायचं होतं, म्हणून तर मी स्वतःवर विश्वास ठेवायला तयार नव्हते.

शेवटी संकोच बाजूला ठेवून डॉक्टरला पुन्हा फोन केला. तो रागावेल असं वाटलं होतं. बाबांचं सगळं सांगितल्यावर तो म्हणाला की गॅरेजवाला मला शिव्या देईल पण गाडी उद्या घेऊन या. गॅरेजवाल्यानं शिव्या दिल्या नाहीत. फक्त तिसऱ्यांदा बदलणार नाही एवढं बजावलं.

कडक संच बसवून आणल्यावर मी बाबांना घेऊन निघाले. या वेळी कुठे जायचं ते सांगितलं नाही. मेडिकलपर्यंत नेहमीसारखं गेले आणि तिथून तिलवाऱ्याकडे न जाता भेडाघाटच्या रस्त्याला वळवली. बाबांचा हात सीटवर सपाट होता. वळणानंतर थोडं अंतर गेलं असेल.

"हा रस्ता नाही," ते म्हणाले.

"कोणता नाही?"

"तिलवाऱ्याचा. तू भेडाघाटला घेऊन चालली." आणि मग माझ्या कानांवर विश्वास बसू नये अशा स्वरात, जवळजवळ हसत, "इथं नवीन डांबर टाकलं वाटते. मागं लई खराब होता."

मी गाडी कडेला घेतली. डोळे पुसायचे होते, आणि समोरून ट्रक येत होते. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता हे त्या वेळी बरंच झालं. तरी त्यांनी विचारलं, काहून थांबली? मी म्हटलं, चहा पिऊ. टपरी समोरच होती. टपरीवाल्यानं चहा गाडीतच आणून दिला, कारण बाबांना एकदा उतरवलं की पुन्हा बसवायला वेळ लागतो हे त्यालाही पाहताक्षणी कळलं.

मग मी हाडांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. त्यांनी बाबांची पाठ तपासली, वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाले, लांब प्रवास नको, तास-अर्धा तास चालेल, खाली गादी ठेवा. गादीवरून आमचं वाजलं. जाड गादीनं काहीच कळत नाही, असं बाबांचं म्हणणं. शेवटी एक घडी घातलेली चादर ठरली. ती ते कधी कधी हळूच काढून पायाशी ठेवतात आणि मी पाहिलं नाही असं दाखवते. भावाला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तुम्ही दोघंही सारखेच. दिवाळीला तो आला तेव्हा मी त्यालाच बाबांच्या जागी बसवून पुलापर्यंत नेऊन आणलं. उतरल्यावर त्यानं कमरेवर हात ठेवला आणि पुढचा दिवसभर त्याच्याकडे दुसरा विषय नव्हता.

सामान त्या गाडीत मावत नाही. पावसाळ्यात छताच्या एका कोपऱ्यातून पाणी गळतं, तिथे मी नॅपकिन ठेवते. कॉलेजातल्या मुली गाडीबरोबर फोटो काढतात. त्यांना गाडी कडक आहे की मऊ याच्याशी काही घेणं नाही.

हिवाळ्यात रविवारी आम्ही पनागरकडे जातो. तिथे रस्त्याच्या कडेला शेतकरी मटार घेऊन बसलेले असतात, सकाळी तोडलेला, शेंगांवर दव असलेला. मागच्या वेळी घेतलेली पिशवी डिकीत बसेना, तेव्हा बाबांनी ती मांडीवर घेतली. छत उघडं होतं, ऊन कोवळं होतं. मी सावकाश चालवत होते. ते बोटांनी शेंग चाचपून भरलेली आहे का पाहत, सोलत, दाणे तोंडात टाकत. अधूनमधून चार दाणे माझ्यासाठी तळहातावर धरत. घरी पोचेपर्यंत पिशवी चांगलीच हलकी झाली होती. मी म्हटलं, आता भाजीला काय उरलं? ते म्हणाले, "पुढच्या रविवारी दोन पिशव्या घेऊ."