बदलाला लागलेली वेलांटी

पनवेलच्या टोकाला, कंटेनरच्या रस्त्याला खेटून असलेल्या सरकारी शाळेत मी मुख्याध्यापक होतो. पट इतका रोडावला होता, की हजेरी घेताना भिंतीवरची पालसुद्धा ‘हजर’ म्हणायची. आणखी दोन पोरं खारघरच्या इंग्रजी शाळेत गेली, की आमच्या शाळेला कुलूप.

अशात वरून हुकूम आला: शाळेत बदल घडवा, गावाला सामील करा, साहेब बघायला येतील. प्रशिक्षणात ‘बदलाचं व्यवस्थापन’ इतकं घोटवून घेतलं होतं, की चहात साखर कमी पडली तरी मी बायकोला तिचं धोरण विचारायचो. पालकसभेला मात्र मी, गावाच्या लाडक्या पहिलीच्या बाई आणि खिचडीवाल्या मावशी एवढेच. मावशीही डाळ शिजेपर्यंतच.

शेवटी फाटकाजवळच्या फळ्यावर मी ठळक लिहिलं: ‘शाळेत बदल अटळ आहे.’

मावशींनी वाचलं. आता सरकारी शाळेत बदल कुणी पाहिलाय? पाहिलेली असते ती बदली! मावशींच्या नजरेत त्या ‘ल’ला आपोआप वेलांटी लागली आणि खिचडी उतरायच्या आत गावभर झालं, “आपल्या बाईंची बदली हाय!”

साहेबांची गाडी आली तेव्हा अख्खं गाव फाटकात. रस्ता तुंबला, कंटेनर अडले, न्हावा शेव्याला जहाजं भोंगे वाजवत ताटकळली. मी स्वतः ऐकले.

“ओ गुरुजी, आमच्या बाईंना कुटं धाडताव?” पदर खोचून एक आई पुढं आली.

साहेब माझ्या कानाशी लागले, “एवढे पालक? कसे जमवलेत?”

“लोकसहभाग, साहेब.” यात खोटं काय होतं?

मग मी गावाकडे वळलो. “पोरं तुम्ही खारघरला धाडता. शाळा मिटली, की बाई इथं राहून काय भिंतीला पाढे शिकवतील?”

मग ती आई नवऱ्यावर फिरली, “उद्याच पोराला तिकडनं काढा. त्याचा टाय तुमच्याच गळ्यात बांधा आता!”

आठवड्याभरात वर्गात पालीलाही जागा उरली नाही. कुलपाचं नाव कुणी काढेना. फळ्यावरचं वाक्य मात्र कुणीतरी दुरुस्त केलं होतं: ‘शाळेत बाई अटळ आहे.’

खडूवर हळदीची बोटं होती.