पातेल्यावरचं नाव

सासूबाईंचं तांब्याचं पातेलं मी मोडीत काढायला निघाले होते, हे आधीच कबूल करते. बोईसरच्या दोन खोल्यांत माणसांनाच जागा अपुरी, त्यात ते धूड माळ्यावर काळंठिक्कर होऊन बसलेलं. वापरावं तर आतली कल्हई उडालेली, आणि इथं कल्हईवाला शोधायचा कुठं? सासऱ्यांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा सासूबाईंनी ते साताऱ्याहून मांडीवर घेऊन आणलं होतं म्हणे.

"दे मोडीत," त्या म्हणाल्या. "पण एकदा घासून दे."

मोडीत द्यायचं भांडं कुणी घासतं का? माझं डोकंच फिरलं. आदळआपट करत मी राख घेऊन मागच्या दारी बसले. तेवढ्यात घिवली गावची मासेवाली आली. पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "राख नको गो, चिंच लाव न् मीठ. आमी तेच करतो. नाय साफ झाला तर मला बोल."

चिंच कोळून त्यात जाडं मीठ घातलं. हात फिरेल तिथं गुलाबी तांबं उघडं पडू लागलं, आणि खरं सांगते, माझा रागही उतरला. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. काठाखाली बोट ठेवून म्हणाल्या, "इथं घास."

तिथं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं. मी कधीच न ऐकलेलं.

"हे कुणाचं?"

"माझं. माहेरचं."

लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं आणि हे सुटलं. नंतर फक्त त्यांचा भाऊ त्या नावानं हाक मारायचा. तो यंदाच्या श्रावणात गेला.

"आता कुणी उरलं नाही," त्या म्हणाल्या. "एकदा बघायचं होतं. दे आता."

मी पातेलं खळखळून धुतलं आणि कोरडं पुसलं, नाहीतर चिंचेचे डाग राहतात. मोडीत कसली देतेय!

संध्याकाळी चहा गाळला. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. तरी स्वयंपाकघरातूनच मी त्या नावानं हाक मारली. मोठ्यांदा, अहोजाहो न करता.

बाहेरून लगेच आवाज आला, "ओ! आले, आले!"