वहिनींनी वाटलेल्या गोळ्या

शेगावची मोटार आमच्या छोट्या जळगावात थांबली आणि शेजारचे मास्तर एकटेच उतरले. नागपूरच्या इस्पितळात जाताना त्यांची बायको, आमच्या द्वारकावहिनी, सोबत होत्या. आता हातात वहिनींच्या लुगड्यांचं गाठोडं तेवढं होतं... मी तशीच आत वळले. चुलीवरचं दूध उतू जात होतं, ते जाऊ दिलं.

आम्ही शेजारणी. वहिनी माझ्याहून वयाने मोठ्या, खोड्या काढण्यात मात्र धाकट्या. माझं तिरसट बोलणं त्यांना फार आवडे. आम्हा बायकांचं एक दुखणं असतं, लघवीच्या जळजळीचं. दिवसा आडोसा नाही म्हणून पाणी प्यायचं नाही, आणि आग झाली तरी घरात बोलायचं नाही. वहिनींनी मास्तरांना सरळ सांगितलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी सल्फाच्या गोळ्या दिल्या. दोन-तीन दिवसांत आग थांबली आणि बाईसाहेब पुन्हा गल्लीभर हिंडू लागल्या!

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी काय करावं? उरलेल्या गोळ्यांच्या पुड्या बांधल्या आणि ज्या बायकांना तोच त्रास होता, त्यांच्या ओटीत तिळगुळाबरोबर हळूच सोडल्या. वर कानात, "कोणाले सांगू नको माय, घेऊन टाक."

मी म्हटलं, "वहिनी, डॉक्टरनं साऱ्या घ्या म्हटलं होतं ना?"

"मले काय झालं आता? मी बरी झाली. एकेक बिचारी रोज कण्हून राह्यली, तिले काऊन नाई द्यायची?"

त्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नसे.

वहिनींचं दुखणं परतलं ते थंडीताप आणि कमरेतली कळ घेऊन. डॉक्टरांनी त्याच गोळ्या पुन्हा दिल्या, या वेळी पुरत्या दिल्या, पण घेतल्या न घेतल्यासारख्याच. डॉक्टर म्हणाले, "अर्धवट औषधातून वाचलेले जंतू आता या गोळीला दाद देत नाहीत." नागपूरला स्ट्रेप्टोमायसिनची नवी इंजेक्शनं सुरू झाली. ताप उतरल्याचं कळलं तेव्हा मी गल्लीत साखर वाटली. मग ताप पुन्हा चढला. जंतूंनी तेही औषध पचवलं होतं. वहिनी त्या तापातून उठल्याच नाहीत.

मला त्यांचा राग येतो. गल्लीची काळजी वाहायची आणि स्वतःला विसरायचं, ही कुठली रीत? आणि आठवण तर अशी येते की दुपारी चहा ठेवताना हाक तोंडाशी येऊन थांबते.

गेल्या आठवड्यात समोरच्या गंगूबाईंना त्याच दुखण्यावर डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "आराम पडला वो. उरलेल्या गोळ्या ठेवू का कोणासाठी?" मी त्यांना रोज माझ्यापुढे पाटावर बसवून गोळी घ्यायला लावली. काल शेवटची गिळून त्यांनी लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवलं. मी हसले, आणि मग रडू आवरेना.

त्या पाटावर तुम्ही बसायला हवं होतं, वहिनी... आणि तोंड उघडून मलाच वेडावून दाखवायला.