सभेचा दिवस

दाविद सरांनी पाठवलेल्या गटाच्या फॉर्मवर रमिलाबाईच्या नावापुढे, वाचन न केल्याचं ‘कारण’ या रकान्यात, लिहिलं होतं: ‘वाचता येत नाही.’ मी फॉर्म दोनदा वाचला आणि सरांना फोन लावला. रमिलाबाई अंगणवाडीत मदतनीस आहे. आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली आहे. मागच्या वर्षी तिने आमच्या गटात बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचलं तेव्हा चहा गार झाला, तरी कोणी कपाला हात लावला नव्हता. तिथे मी स्वतः बसले होते.

‘‘तिले वाचता येस ताई,’’ सर म्हणाले. ‘‘पन वाचाना टाइमले उठी जास. मंग मी काय लिखू?’’

सर मूळचे नंदुरबारचे, प्राथमिक शाळेत शिक्षक. विसरवाडीपासून थोड्या आतल्या गावात त्यांची नोकरी आणि तिथल्या आमच्या गटाचे ते प्रमुख. आता त्यांची बदली झाली होती. महिनाअखेर ते जाणार होते आणि त्यांच्या जागी कोण, हे मला ठरवायचं होतं. माझ्या मनात रमिलाबाईच होती. पण कागदावर तिला वाचता येत नव्हतं.

माझं काम थोडक्यात सांगते. मी चर्चमध्ये गट समन्वयक आहे. नऊ वर्षं झाली. रविवारी सगळी मंडळी उपासनेला एकत्र येतात. आमच्याकडे तिला सभा म्हणतात. पण सभेत शंभर माणसं असतात, तिथे कोणी उठून ‘मला हे कळलं नाही’ असं विचारत नाही. म्हणून आठवड्यात एकदा आठ-दहा जण कुणाच्या तरी घरी बसतात. बायबलचा एक भाग वाचतात, त्यावर बोलतात, एकमेकांसाठी प्रार्थना करतात. त्याला गट म्हणायचं. असे अकरा गट मी स्कूटीवरून सांभाळते. गटात प्रमुख भाषण देत नाही. तो फक्त प्रश्न विचारतो आणि गप्प बसतो. गप्प बसणं हेच शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

गटात फिरतं वाचन असतं. पुस्तक हातोहात फिरतं आणि प्रत्येकाने दोन-चार वचनं मोठ्याने वाचायची. आमचा एक नियम होता. वाचणाऱ्याने आधी पुस्तकाचं नाव, अध्याय आणि वचन मोठ्याने सांगायचं, म्हणजे बाकीच्यांना पान सापडतं. नियम माझाच. मला त्याचा अभिमानही होता. नव्या प्रमुखाने माझ्यासमोर एकदा गट चालवून दाखवायचा, हाही माझाच.

सरांचा गट गुरुवारी दुपारी चारला, रमिलाबाईच्याच ओट्यावर बसायचा. प्रमुख मिळाला नाही तर आमच्या चर्चचे पाळकसाहेब तो गट नाल्यापलीकडच्या गावातल्या गटात मिसळणार होते. नकाशावर ते सोपं दिसायचं. पण या गटात चार म्हाताऱ्या बायका होत्या आणि त्यांच्यातली एकही नाला ओलांडून तितकं चालणारी नव्हती. गट मिसळला की त्या चौघी घरी बसणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

त्या गुरुवारी मी जाऊन बसले. त्या वर्षी सगळ्या गटांत योहानाच्या शुभवर्तमानाचा अभ्यास चालला होता. पुस्तक फिरायला लागलं. सरांनी वाचलं, शेजारच्या जेमाबाईच्या नातीने वाचलं, आणि पुस्तक रमिलाबाईकडे येणार तोच ती उठून म्हणाली, चहा उतू जाईल. चुलीवर चहा नव्हता. मी आत डोकावून पाहिलं, तेव्हा तर चूल पेटलेलीही नव्हती.

मला चौकशा करायची खोड आहे. आई म्हणायची, या पोरीला पोलिसात घाला. पुढचे पाच-सहा दिवस मी तर्क लढवत बसले. डोळे अधू झाले असतील म्हणून घरातला चष्मा पर्समध्ये टाकला. पुरुषांसमोर लाजत असेल म्हटलं, तर रूथ तिने त्यांच्यासमोरच वाचलं होतं. सरांशी काही बिनसलं असेल, तर ती त्यांच्या डब्याला भाजी देत होती. विश्वासच डळमळला असेल, ही शंका सरांची. ती मला पटली नाही. ज्याचा विश्वास डळमळतो तो आधी ओटा सारवायचं बंद करतो. ही बाई दर गुरुवारी सकाळी ओटा सारवत होती.

पुढच्या बुधवारी मी एकटीच गेले. ती परातीत नागलीचं पीठ घेऊन भाकरी थापत होती. ओट्यावर तिचे सासरे अंबाडीचा दोर वळत बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस. गावात त्यांना सगळेच ‘मोठे बाबा’ म्हणतात. आमच्या हजेरीतही ते ‘मोठे बाबा’च होते. ते कधी वाचत नाहीत, प्रश्नाला उत्तर देत नाहीत. पण पहिल्या दिवसापासून एक गुरुवार त्यांनी चुकवलेला नाही.

मी सरळ विचारलं, ‘‘रमिला, तुला गट घ्यायचा नाही का? नाही म्हण, मी राग मानणार नाही.’’

‘‘मला घ्यायचाय ताई,’’ ती म्हणाली. हात थांबले. ‘‘दिवसभर पोरांची नाकं पुसते. गुरुवारी चारला मी विचारलेल्या प्रश्नाला माणसं विचार करून उत्तर देतात. मला दुसरीकडे कुठे असं मिळतं?’’

मग मी तिच्यापुढे बायबल धरलं आणि म्हटलं, इथे कोणी नाही, तिसरा अध्याय वाच. तिने हात पुसले आणि वाचायला लागली. संदर्भ न सांगताच. वाचन नेहमीसारखंच, स्वच्छ. अर्धा अध्याय झाला आणि एका ठिकाणी ती अडखळली. नाव होतं तिथे तिने ‘त्यांनी’ असं म्हटलं आणि पुढे गेली. पुढच्या ओळीत पुन्हा ‘त्यांनी’.

‘‘त्यांनी म्हणजे कोणी?’’

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हनुवटीने ओट्याकडे दाखवलं.

मला अजूनही कळेना. मग तिने परातीतलं पीठ तळहाताने सपाट केलं आणि त्यावर बोटाने लिहिलं: योहान. लिहून झाल्याबरोबर लगेच पुसून टाकलं.

मी स्वतः याच तालुक्यातली, पण मिशनच्या वसतिगृहात वाढलेली. मी नवऱ्याला नावाने हाक मारते. फारच राग आला तर आडनावाने. त्यामुळे सून सासऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, ही मला ठाऊक असलेली गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही. मी वर्षभरासाठी एक पुस्तक लावलं होतं आणि त्यात हिने दर वेळी वाचण्याआधी ओट्यावर बसलेल्या सासऱ्याला नावाने हाक मारावी, असा नियम करून ठेवला होता.

मी म्हटलं, ‘‘अगं, ते पुस्तकातलं नाव आहे. बाबांचं नव्हे.’’

‘‘मला माहीत आहे ताई. मी पुस्तकातलं म्हणूनच म्हणेन. पण ऐकू त्यांना जाईल.’’

मी बायबल मिटून उठले.

पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं. माणूस भला, पण घाईचा.

‘‘ही जुनी समजूत आहे. तिला समजावून सांगा.’’

‘‘सांगितलं.’’

‘‘मग?’’

‘‘ती म्हणते, समजलं.’’

‘‘मग वाचेल ना?’’

‘‘नाही.’’

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एका गटासाठी पुस्तक बदलता येणार नाही, म्हणाले, रविवारचा उपदेश त्याच पुस्तकावर असतो. संदर्भाचा नियम काढते म्हटलं, तर त्यांनी विचारलं की अध्यायाच्या आत नाव येतं तिथे काय करणार. तेही खरं होतं. पुढच्या गुरुवारी तिने गट चालवून दाखवावा, नाहीतर मिसळू, असं ठरलं.

मग मी ती गोष्ट केली जी करायला नको होती. रमिलाला न विचारता बाबांशी बोलले. ती अंगणवाडीत गेलेली असताना ओट्यावर जाऊन बसले आणि आडून सुरुवात केली. बाबा, तुमचं नाव कोणी ठेवलं? ते खूश झाले. बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकाने चार नावं सांगितली होती, त्यांतलं म्हणायला सगळ्यात सोपं ते आपण घेतलं, असं त्यांनी सांगितलं. मग मी खरी गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. दोर वळत राहिले. थोड्या वेळाने दोर खाली ठेवला, काठी घेतली आणि शेताकडे निघून गेले.

संध्याकाळी रमिलाचा फोन आला. एवढं चिडलेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. ‘‘ताई, तुम्ही का बोललात? आता ते ओट्यावर बसणार नाहीत. गट माझ्याकडे नको. पण त्यांना आपल्याच ओट्यावरून उठून जावं लागू नये.’’ मी माफी मागितली. मला फार लाज वाटली. नऊ वर्षं मी लोकांना गप्प बसायला शिकवत होते.

त्या गटाला जाताना मला रमिलाच्या सासूची आठवण येत राहिली. ती वारली त्याला तीन वर्षं झाली. साधी, कष्टाळू बाई. आमच्याकडे बोलीत रविवारला दितवार म्हणतात. ही कधी दितवार म्हणायची नाही. ‘सभेचा दिवस’ म्हणायची. शेतात कधी जाणार? सभेच्या दिवसानंतर. पाहुणे कधी येणार? सभेच्या आदल्या दिवशी. मी गटप्रमुखांच्या ट्रेनिंगमध्ये तिचं उदाहरण देत असे. बघा, म्हणायची मी, या माउलीचा आठवडाच देवापासून सुरू होतो. ऐकणारे माना डोलवायचे. ती असती तर तिने काहीतरी मार्ग काढला असता, असं वाटत होतं.

गुरुवारी चारला ओटा सारवलेला होता. सतरंजी घातलेली. चारही म्हाताऱ्या आल्या होत्या, सर होते, मी होते. बाबांची खांबाजवळची जागा रिकामी होती. रमिला पुस्तक मांडीवर घेऊन बसली. प्रार्थना झाली, गाणं झालं. तिने पान उघडलं आणि ते बघत राहिली. सर माझ्याकडे बघायला लागले. मी जमिनीकडे.

तेवढ्यात बाबा आले. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. आपल्या जागेवर बसले, काठी आडवी ठेवली आणि गटात पहिल्यांदा बोलले. मावचीत, म्हणजे त्यांच्या बोलीत, बोलले, त्याचं मराठी असं:

‘‘योहान नाव मला पाळकाने दिलं. त्याआधी वीस वर्षं मी दित्या होतो. दितवारी जन्मलो म्हणून आईने ठेवलं. सून माझं नाव घेत नाही, ती मान ठेवते, मला बरं वाटतं. तर माझं नाव दित्या आहे. योहान पुस्तकातला. त्याचं नाव तिने खुशाल घ्यावं.’’

जेमाबाई, चौघींतली सगळ्यात म्हातारी, तोंडाला पदर लावून हसायला लागली. ‘‘म्हणून तर तुझी बायको जन्मात दितवार म्हणाली नाही,’’ ती म्हणाली.

बाबा हसले नाहीत. ‘‘तिने दित्याशी लग्न केलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘योहान मी नंतर झालो.’’

रमिलाने सासऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिलाही हे माहीत नव्हतं. तीही आतापर्यंत ती सासूची भक्तीच समजत होती. माझ्या ट्रेनिंगमधलं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि मी ते हळूच खाली बसवलं. एका अर्थी ती भक्तीच होती, फक्त मी सांगत होते त्याची नव्हे.

मग रमिलाने वाचलं. ‘‘योहान, अध्याय तिसरा,’’ ती म्हणाली. बाबा दुसऱ्या कोणाचं तरी नाव घेतलं असावं तसे शांत बसून होते. साठ वर्षं वापरलेलं नाव माणूस इतक्या सहज काढून ठेवू शकतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. वाचन झाल्यावर तिने एक प्रश्न विचारला आणि गप्प बसली. बरोबर जेवढं बसायला हवं तेवढं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

निघताना मी बाबांना विचारलं, चर्चच्या रजिस्टरमध्ये काय करू, नाव बदलू का? ‘‘योहानच ठेवा,’’ ते म्हणाले. ‘‘रजिस्टर कोणाला हाक मारत नाही.’’

संदर्भ मोठ्याने सांगायचा नियम मी काढून टाकला. आता वाचणारा पान दाखवतो. फॉर्ममधला ‘कारण’ हा रकानाही काढणार होते, पण पाळकसाहेबांना तो हवा असतो. म्हणून गटप्रमुखांना सांगून ठेवलंय, माहीत नसेल तर कोरा सोडा. कोरा रकाना दिसला की मी स्कूटी काढते.

गट चालू आहे. चार महिन्यांनी पाळकसाहेब तिथे भेटीला आले. रमिलाने गट नीट चालवला, ‘योहान’ तीन-चारदा तरी म्हणाली असेल, आणि शेवटी बायकांना बोलीत सूचना दिली की सभेच्या दिवशी सगळ्यांनी वेळेवर यावं, त्याच्या आदल्या दिवशी चर्चचं देऊळ झाडायला दोघींनी यावं. खांबाजवळ बाबा दोर वळत बसले होते.

परतताना पाळकसाहेब म्हणाले, ‘‘ऐकलंत? दितवार नाही म्हणाली. सभेचा दिवस म्हणाली. किती भक्ती आहे बघा.’’

मी म्हटलं, हो, खूप आहे.