यादीतली चिमणी

साऱ्या गल्लीच्या मावशी म्हणजे कानांवर पोट भरणारी बाई. रुग्णाला तपासून झालं की रुग्णालयातले डॉक्टर आपलं म्हणणं तोंडी रेकॉर्ड करतात. ते मावशींकडे येतं, आणि त्या कानाला हेडफोन लावून, टेबलाखालचं पेडल पायाने दाबत, थांबवत, मागे घेत, स्वच्छ टाइप करून परत पाठवतात. एक डॉक्टर मध्येच जांभई देतो, दुसरा लिफ्टमध्ये शिरल्यावरच नेमकं महत्त्वाचं सांगतो. पण मावशींच्या हातून औषधाचं नाव इकडचं तिकडे झालेलं नाही. शंका आली तर सरळ फोन. "डॉक्टर, काल घास तोंडात ठेवून बोललात का?"

हे काम गुप्त. कुणाच्या पोटात काय निघालं हे तिसऱ्याला कळता कामा नये, म्हणून घरच्या इंटरनेटवर परकं यंत्र जोडणार नाही असं त्यांनी रुग्णालयाला कबूल केलेलं. वरची खोली भाड्याने देतानाही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "पाणी माझं, वीज माझी. इंटरनेट मात्र तुझं तू घे."

"चालेल मावशी," भाडेकरू मुलगी म्हणाली होती. "तुमच्या डॉक्टरांशी माझं काही वैर नाही."

ती चष्म्याच्या दुकानात कामाला, म्हणून सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. संध्याकाळी ती पायरीवर बूट काढता काढताच बोलायला लागे, आणि मावशी हेडफोन एका कानावरून सरकवून ऐकत. आज कुणी नंबरच्या चष्म्याऐवजी नुसती फ्रेम घालूनच घरी गेला, कुणा आजोबांना नव्या चष्म्यातून बायकोच्या सुरकुत्या दिसल्या आणि ते जुनाच परत मागायला लागले. दिवसभर दुखणी ऐकून झाल्यावर ही बडबड मावशींना हवीहवीशी वाटे. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही; असलं काही सांगायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात येत नसे.

घरात तिसरे माणूस म्हणजे काका, मावशींचे यजमान. बँकेत तपासनीस होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शाखा तपासल्या, निवृत्तीनंतर तपासायला घर तेवढं उरलं. एका सोमवारी सकाळी मावशींची फाइल जाता जाईना, तेव्हा काकांनी उत्साहाने राउटरचं पान उघडलं. घरच्या इंटरनेटला कोणकोणती यंत्रं जोडली आहेत आणि कधी, त्याची यादी त्यात दिसते.

"अगं, ही चिमणी कोण?"

मावशींना नाव ओळखीचं होतं. चष्मेवालीने आपल्या लॅपटॉपचं नाव चिमणी ठेवलं होतं, फोनचं कावळा. तिनेच हसत हसत सांगितलं होतं.

"वरची," त्या म्हणाल्या.

"बघ! तू काम करतेस त्याच वेळेला चालू असते. बरोबर त्याच वेळेला!"

"अहो, ती तर तेव्हा दुकानात असते."

"मग चालू ठेवून जात असेल. काहीतरी उतरवून घेत असेल."

मुलगी अजून दुकानात निघाली नव्हती; मावशी उत्तर शोधत होत्या, तोवर काका जिना चढूनही गेले. वरचं बोलणं खाली स्पष्ट ऐकू येत होतं.

"मी तुमचं नेट वापरत नाही, काका."

"यादीत नाव आहे."

"असेल. पण मी वापरत नाही."

"यादी कशाला खोटं बोलेल? महिनाअखेर खोली रिकामी कर."

दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना मुलीने एवढंच सांगितलं, की दुकानाजवळ एक खोली आहे, रविवारी बघायला जाणार आहे. संध्याकाळी बूट हातात घेऊन ती तशीच वर गेली. मावशींनी हेडफोन सरकवला होता, तो पुन्हा कानावर ओढला आणि एकच वाक्य चार वेळा ऐकलं. टाइप तरीही चुकीचं झालं.

काकांनी इकडे वायफायचा पासवर्ड बदलला. घरातले फोन नेटवरून तुटले, टीव्ही तुटला, प्रिंटर लाल दिवा लावून बसला. चिमणी मात्र जिथल्या तिथे.

"म्हणजे हिने तार ओढून घेतली आहे!" काका बॅटरी घेऊन जिन्याची कडा चाचपडू लागले.

"उठा तिथून. कंबर धरली तर मी दाबून देणार नाही," मावशी म्हणाल्या. "राउटरच्या पाठीतून तार एकच निघते. ती माझ्या टेबलाला येते."

"ते मला ठाऊक आहे," काका दुखावून म्हणाले, आणि जिना चाचपडत राहिले.

मावशींनी घरातली यंत्रं नव्या पासवर्डने पुन्हा जोडली, चष्मा पुसला आणि त्या स्वतः यादीसमोर बसल्या. डॉक्टरांचं बोलणं तपासतात तशी त्यांनी ती वाचली, काय सुटलंय ते बघत. टीव्ही. प्रिंटर. काकांचा फोन. त्यांचा स्वतःचा फोन. चिमणी.

"अहो, यात मी कुठे आहे?"

"काय?"

"माझा लॅपटॉप. सकाळपासून त्यावर काम चाललंय. मग यादीत का नाही? तुम्ही जास्तीचं कोण ते शोधत बसलात, कमी कोण ते बघितलंच नाही."

त्यांनी आपल्या लॅपटॉपची तार उपटली. काकांना त्यांच्या फोनवर पान पुन्हा उघडायला सांगितलं. चिमणी उडालेली. तार जोडली. चिमणी परत.

काका बॅटरी विझवायचं विसरले.

मग मावशींना एकेक आठवत गेलं. त्यांच्या नव्या चपट्या लॅपटॉपला तारेची खाचच नव्हती. वायफायवर मोठ्या फाइली अडकायच्या, तेव्हा चष्मेवालीनेच आपला बोटभर लांबीचा अडॅप्टर आणून दिला. एक टोक लॅपटॉपमध्ये, दुसऱ्यात तार. "ठेवा तुमच्याकडेच, मला लागत नाही." आणि त्याच्याही आधी, ती राहायला आली त्या आठवड्यात, तिचं इंटरनेट यायचं होतं आणि तिला नोकरीचे कागद पाठवायचे होते, तेव्हा रुग्णालयाची कबुली तासाभरापुरती बाजूला ठेवून मावशींनीच तिला याच टेबलाशी बसवलं होतं. तिचा लॅपटॉप, हाच अडॅप्टर, हीच तार. काका तेव्हा बहिणीकडे गेले होते. राउटरने अडॅप्टरला ओळखलं आणि त्याचं नाव चिमणी म्हणून पक्कं करून टाकलं. पुढे लॅपटॉप कुणाचा का असेना.

खात्रीसाठी मावशींनी अडॅप्टर काकांच्या जुन्या लॅपटॉपला लावला. यादीत चिमणी.

"म्हणजे मीसुद्धा चिमणी?"

"तुम्ही घुबड. आता वर जा आणि सांगा तिला."

काका गेले. खाली ऐकू आलं, "त्याचं असं आहे, यादी तशी बरोबरच होती, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने पाहिलं तर..."

"अहो, सरळ बोला!" मावशी खालून ओरडल्या.

मग, "मी चुकलो."

"ठीक आहे, काका," मुलगी म्हणाली, आणि दार हळूच लागलं. आपटलं असतं तर मावशींना बरं वाटलं असतं.

रविवारी ती खोली बघायला निघाली. शब्द दिलाय, म्हणाली. मावशींनी चपला घातल्या. "मीही येते. तुला नळ तपासता येत नाहीत."

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. मावशींनी नळ सोडून बघितला, पाण्याला जोर होता. कपाट उघडून वास घेतला, भिंतीला हात लावला, खिडकीची कडी सरकवली. कुठे ओल नाही, कुठे पोपडा नाही. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. मालकीणबाईही नीट बोलणारी निघाली. एवढ्या चांगल्या खोलीचा मावशींना कधी राग आला नव्हता.

"कशी वाटली?" मुलीने विचारलं.

मावशींच्या जिभेवर दोन-तीन खोट्या उणिवा तयार होत्या.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या खोलीपेक्षा उजेड जास्त आहे. पाणीही."

विचार करून फोन करते असं मालकीणबाईंना सांगून मुलगी बाहेर पडली. दोघी घराच्या वाटेला लागल्या.

"काका वर आले होते तेव्हा तुम्ही खालीच होतात ना?"

"होते."

"ऐकू येत होतं?"

"शब्द न् शब्द."

"मग आला का नाहीत?"

"मला वाटलं, वापरत असशीलही," मावशी म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? तुझ्यावर माया आहे, तरी वाटलं."

मुलगी थांबली. एक सायकलवाला घंटी वाजवत दोघींना वळसा घालून गेला.

"आत्ता तुम्ही त्या खोलीला नावं ठेवली असतीत ना, तर मी आजच हो म्हटलं असतं."

"ठेवणारच होते."

"दिसत होतं. भिंत किती वेळ चाचपत होतात!" तिच्या ओठांची कड हलली. "पुढे कधी काही वाटलं तर आधी मला हाक मारायची. काकांनी नाही, तुम्ही."

"मारीन."

"आणि मोठ्याने. मनातल्या मनात नाही."

"मला हळू बोलताना तू कधी ऐकलंस गं?"

"गेल्या सोमवारी," मुलगी म्हणाली. "एक शब्द नाही बोललात."

मुलीने पर्समधून फोन काढला, कोपऱ्यावर उभं राहून मालकीणबाईंना लावला, आणि खोली फार आवडली पण घेत नाही, असं सांगितलं. मावशी शेजारी उभ्या राहून सगळं ऐकत होत्या, दोन्ही कानांनी.