कानामागचा डाग

दिवा लावण्याआधी नसीमआपा दाराच्या फटीत चादर कोंबायच्या. भवानी पेठेतल्या त्या त्वचारोगाच्या दवाखान्यात मी नवीन डॉक्टर होते आणि त्या तिथल्या वीस वर्षांपासूनच्या मदतनीस. मिट्ट अंधारात जांभळा दिवा लागला की पेशंटचे दात, नखं उजळायची. निरोगी कातडी काळसरच राहायची. पण जिथला रंग जाऊ लागलाय, तिथली कातडी निळसर पांढरी चमकायची, साध्या उजेडात काही दिसत नसलं तरी. "घाबरू नको, कातडीला आपला उजेड असतोय," असं त्या प्रत्येकाला सांगत.

आपांच्या स्वतःच्या हातांवर, ओठांवर कोड होतं. पहिला डाग दिसल्यावर नवऱ्याने त्यांना माहेरी सोडलं, तो पुन्हा न्यायला आलाच नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

एका दुपारी अकलूजच्या एक बाई होणाऱ्या सुनेला, रेश्माला, घेऊन आल्या. मुलीच्या मावशीला कोड आहे असं त्यांच्या कानावर आलं होतं. लग्नाआधी खात्री हवी होती. बाईंना बाहेर बसवून आम्ही रेश्माला आत घेतलं. दिव्याखाली तिच्या कानामागे बोटाच्या पेराएवढा डाग लख्ख उजळला. तिला तो दिसणं शक्य नव्हतं. आपांनी माझ्याकडे पाहिलं आणि दिवा बंद केला. बाहेर जाऊन म्हणाल्या, "काय न्हाय. पोरगी चांगली हाय."

मी गप्प राहिले. एका पोरीचं भलं केलं, असंच वाटलं मला.

दीड वर्षाने रेश्मा एकटीच आली. डाग गळ्यावर, पापण्यांवर पसरले होते. फसवलं म्हणून सासरच्यांनी तिला परत पाठवलं होतं. तिनेच लपवलं या रागाने वडीलही बोलत नव्हते. तिने आपांना विचारलं, "त्या दिवशी तुमाला दिसलं होतं?"

"व्हय."

"सासूला नसतं सांगितलं तरी चाललं असतं. पण मला तरी सांगायचं होतं की."

आपा खाली फरशीवरच बसल्या. "चुकलं बेटा. मी एकटीनं ठरवलं."

मी समोरच खुर्चीत होते. तेव्हाच औषध सुरू केलं असतं तर कदाचित एवढं पसरलं नसतं, हेही मला ठाऊक होतं. मी केसपेपरवर गोळ्यांची नावं लिहीत राहिले.

आपांनी त्याच महिन्यात काम सोडलं. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. घरच्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बहिणीने विचारलं, शेवटी शेवटी ती सारखी रेश्मा, रेश्मा करत होती, कोण ही?

"होती एक पेशंट," मी म्हणाले.